दोघींचा रायझर

"लाल घेऊ न, सर," मी म्हटलं.

काळमेघ सरांनी लाल रायझर उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं आणि परत टेबलावर ठेवला.

"भोक कुठाय याले?"

"कायचं भोक?"

"तेच तं. भोकच नाही." त्यांनी तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. "लाकडी हाय, देखणा हाय. भिंतीवर टांगाले चांगला."

ज्योत्स्ना उरलेल्या दोघांकडे पाहत होती. एक निळा होता, एकाचा रंग पूर्ण उडालेला होता.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी सतरा वर्षांची होते. ज्योत्स्ना ढोरे माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. दोघी दोन वर्षं आयटीआयच्या मागच्या मैदानावर बांबूच्या धनुष्याने नेम धरत होतो. काळमेघ सर त्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक. धनुर्विद्येशी त्यांचा संबंध एवढाच, की मैदान त्यांच्या वर्कशॉपच्या खिडकीतून दिसायचं. आमचे बाण खिडकीपर्यंत यायला लागले तेव्हा ते रागवायला बाहेर आले, आणि मग रोजच येऊ लागले.

त्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यातलं एक धनुर्विद्या मंडळ बंद पडलं. त्यांचं सामान वाटलं गेलं. आमच्या वाट्याला धनुष्याच्या पात्यांची एक जोडी आली, आणि तीन जुने रायझर. रायझर म्हणजे धनुष्याचा मधला भाग, जिथे मूठ असते. त्याला वर एक आणि खाली एक पातं जोडायचं, दोरी चढवायची, की धनुष्य तयार. तिन्हींतला एक ठेवून घ्यायचा आणि दोन पुढच्या गावाला पाठवायचे, असं पत्रात लिहिलं होतं. पाती एकच जोडी असल्याने दोन ठेवून उपयोगही नव्हता.

सरांनी निळा घेतला. तो धातूचा होता आणि त्याला भोक होतं. मुठीच्या जरा वर, बाण जिथून जातो तिथे. सरांनी त्यात स्प्रिंगची खुंटी बोटांनी फिरवत बसवली. तिला प्लंजर म्हणतात. बाण सुटताना बाजूने याच खुंटीला टेकतो.

"आटे चांगले हायेत," सर म्हणाले. मग त्यांनी रेस्ट घेतली. रेस्ट म्हणजे एक छोटी पट्टी आणि तिच्या टोकाला बारीक तार. बाण सुटेपर्यंत या तारेवर टेकलेला असतो. आम्हाला मिळालेली रेस्ट स्क्रू सैल करून वरखाली सरकवता येणारी होती. सरांनी ती निळ्या रायझरला लावली आणि अंगठ्याने दाबली. पट्टी डुगडुगली.

"फुगीर हाय इथं. चिकटवाची रेस्ट बसते यावर, सरकती नाही बसत."

"मग चिकटवाची लावू," मी म्हटलं. मला निळाही चालला असता.

"बाण दाखवा तुमचे."

आम्ही बाण दिले. सरांनी जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. माझे बाण अॅल्युमिनियमचे, जाडे. ज्योत्स्नाचे कार्बनचे, बारीक. लग्न होऊन नागपूरला गेलेल्या एका ताईने ते जाताना तिला दिले होते.

"कुंदाचा साडेसात मिलिमीटर. जोत्स्नाचा साडेपाच. जाडीत फरक दोनाचा, म्हणजे मध्यात फरक एकाचा. धनुष्य एक, बाण दोन. जोत्स्नासाठी तार एक मिलिमीटर वर पाह्यजे, अन् खुंटी एक मिलिमीटर बाहेर. चिकटवलेली रेस्ट तुमच्यासाठी वर-खाली होईन का?"

आम्ही होणार नाही म्हणालो.

मग त्यांनी रंग उडालेला उचलला. त्याच्यावर कोणीतरी पक्कड चालवल्याचे ओरखडे होते आणि मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. पण बाजू सपाट होती. खुंटी बोटांनी सहज आत गेली. रेस्ट दाबली तर हलली नाही, आणि तिचा स्क्रू सैल करून ती खालीवर सरकवायला पुरेशी जागा होती. सरांनी पाती जोडली, दोरी चढवली, धनुष्य दोन स्टुलांवर आडवं ठेवलं आणि पाठीमागे बसून बराच वेळ पाहिलं. दोरी दोन्ही पात्यांच्या बरोबर मधून जात होती.

"पिळला नाही. हा ठेवा."

"सर, हा लई गचाळ दिसते," मी म्हटलं.

"तुम्हाले कोण पाह्यते?" सर म्हणाले आणि लाल रायझर खोक्यात भरू लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी रेस्टच्या पट्टीवर सुईने दोन रेघा ओढल्या. खालची माझी, वरची ज्योत्स्नाची. प्लंजरचं सोपं होतं. एक पूर्ण फेरा फिरवला की तो जवळपास एक मिलिमीटर आत किंवा बाहेर जायचा. साईटची, म्हणजे नेम धरायच्या टोकाची, खूण जिची तिने लावायची. रेस्ट आणि प्लंजर मात्र दुसरीने लावायचं.

"म्हणजे?" ज्योत्स्नाने विचारलं.

"जिले नेम धराचा हाय, तिनं स्क्रूले हात नाही लावाचा. हात थरथरते, श्वास वर जाते. आधीची उतरली की तिनं पुढचीसाठी लावून द्याचं. घेणारीनं घ्याचं अन् उभं राह्याचं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रेघ घाईसाठी हाय. रेघेचा भरवसा नाही. वेळ असला तं बाण ठेवून पाह्याचं. बाणाचा मध्य अन् खुंटीचा मध्य जुळला, तं जुळला."

मी हो म्हटलं. मला रेघ पुरेशी वाटली होती.

महिनाभर आम्ही एवढंच शिकलो. मी सहा बाण मारायचे, ती मागे उभी. मी उतरायचे, स्क्रूची चावी लावायची, तार वर, खुंटी एक फेरा बाहेर, धनुष्य तिच्या हातात. ती सहा मारायची. तार खाली, खुंटी एक फेरा आत, धनुष्य माझ्या हातात. पहिल्या दिवशी दोन मिनिटं लागली. महिन्याने वीस सेकंद. सर खिडकीत घड्याळ घेऊन उभे असायचे. ते कधी चांगलं म्हणाले नाहीत. वीस सेकंद झाली तेव्हा त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि पुन्हा आणलं नाही.

विभागाच्या संघाची निवड चाचणी अकोल्याला होती. चार मुली घेणार, पाचवी राखीव. राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र असलं की पोलिस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता यायचा. ज्योत्स्नाची आई अंगणवाडीत मदतनीस होती. वडील नव्हते. ज्योत्स्ना पहाटे पाच किलोमीटर धावायची ती त्या भरतीसाठी. मला पोलिसात जायचं नव्हतं. मला फक्त निवडून यायचं होतं.

सरांना त्या दिवशी परीक्षेची ड्यूटी लागली. आम्ही दोघीच एसटीने गेलो. धनुष्य शिवणकामात उरलेल्या कापडातून माझ्या वडिलांनी शिवलेल्या पिशवीत होतं.

मैदानावर पंचांनी आमच्याकडे आणि एकाच पिशवीकडे पाहिलं.

"दुसरं धनुष्य कुठे आहे?"

"एकच आहे, सर."

"दोघींत?"

"हो."

त्यांनी नियमांची पुस्तिका काढली आणि सावलीत जाऊन वाचत बसले. पंधरा मिनिटांनी परत आले. "नाही चालत असं कुठे लिहिलेलं नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती. त्यांनी ज्योत्स्नाला पहिल्या तुकडीत घातलं आणि मला दुसऱ्या. दर फेरीत सहा बाण, चार मिनिटं. आधी पहिली तुकडी मारणार, मग लगेच दुसरी, मग सगळ्या जाऊन गुण मोजणार. अशा बारा फेऱ्या, अंतर सत्तर मीटर. "अदलाबदलीसाठी वेगळा वेळ मिळणार नाही. आणि रेषेवर बोलायचं नाही."

नऊ फेऱ्या सुरळीत झाल्या. तिने मारायचं, माझ्यासाठी लावून द्यायचं. मी मारायचं, गुण मोजून आलं की तिच्यासाठी लावून द्यायचं. लोक सुरुवातीला पाहायला आले, मग कंटाळून गेले. नवव्या फेरीनंतर थोडी विश्रांती होती. फळ्यावर गुण लावले. पहिल्या तिघी फार पुढे होत्या. चौथी ज्योत्स्ना. पाचवी मी, तीन गुणांनी मागे. सहावी माझ्या बरीच मागे.

मी टाकीवर पाणी प्यायला गेले. तिथे सहाव्या मुलीचे काका उभे होते. गळ्यात दुर्बीण, हातात संत्रं. त्यांनी अर्धं संत्रं मला दिलं.

"तुमचं पाहून राह्यलो मी सकाळपासून. भारी काम आहे तुमचं."

मी संत्रं खाल्लं.

"तुमचा स्क्रू तिच्या हातात. अन् ती तुमच्या तीन गुणांनी पुढे. हिंमत आहे बुवा तुमची."

"ती तशी नाही," मी म्हटलं.

"नाहीच. मी कुठं म्हणतो?" त्यांनी दुसरी फोड तोंडात टाकली. "आमच्या पोरीले मी म्हटलं, पाह्य, असा विश्वास पाह्यजे. पण अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तं मानसाले कळते तरी का? नाही कळत."

एवढंच बोलले. पुढे काही वर्षं मी त्या माणसाला बोल लावत होते. खरं तर त्यांनी मला फक्त अर्धं संत्रं दिलं होतं. बाकीचं माझ्याकडे तयारच होतं.

दहावी फेरी. ज्योत्स्नाने छान मारले. मी मागे उभी राहून मोजत होते. सेहेचाळीस. ती रेषेवरून वळली आणि माझ्याकडे येऊ लागली. वाटेत पुण्याच्या दुकानातून आणलेल्या कोणाच्या तरी मोठ्या दुर्बिणीची तिकाटणी होती. तिथे ती क्षणभर थांबली, धनुष्याशी काहीतरी केलं, माझ्याजवळ आली. चावी लावली, तार खाली घेतली. मग स्वतःच्या भात्यातून नाही, माझ्या भात्यातून एक बाण काढून तारेवर ठेवला, वाकून पाहिलं, तार पुन्हा जरा वर केली. महिनाभरात तिने असं कधी केलं नव्हतं.

"कुंदे, तार जरा–" ती म्हणाली.

"रेषेवर बोलायचं नाही!" पंच ओरडले आणि शिट्टी वाजली.

मी धनुष्य घेतलं. रेस्टकडे पाहिलं. पट्टी माझ्या रेघेवर नव्हती. रेघेच्या वर होती, केसाएवढी. अर्धा मिलिमीटर.

माझ्या खिशात दुसरी चावी होती. मी ती काढली, स्क्रू सैल केला, पट्टी बरोबर रेघेवर आणली आणि घट्ट केली. मान वळवली तेव्हा ज्योत्स्ना माझ्याकडे पाहत होती. तिने दोन्ही हात जरा वर उचलले, काय चाललंय असं विचारल्यासारखे. मी लक्ष्याकडे वळले. चाळीस सेकंद गेली होती.

सहा बाणांत एकोणचाळीस आले. बाण सुटताना शेपूट हलवत होते, लक्ष्यावर कुठेही जाऊन बसत होते. मी ठरवलं की हे माझं मन विचलित झाल्यामुळे झालं, आणि मन कोणी विचलित केलं तेही ठरवलं.

लक्ष्याकडे चालत जाताना ज्योत्स्ना माझ्या बाजूला आली.

"तू कायले हात लावला त्याले?"

"माझं मी पाहीन."

"अवो पण ती तार–"

"माझं मी पाहीन म्हटलं न."

गुण मोजले. आता मी दहा गुणांनी मागे होते.

परत आलो. अकराव्या फेरीसाठी तिला लावून द्यायची पाळी माझी. धनुष्य माझ्या रेघेवर होतं. तार एक मिलिमीटर वर घ्यायची, खुंटी एक फेरा बाहेर काढायची. मी खुंटी बाहेर काढली. मग चावी रेस्टच्या स्क्रूत घातली. हात फिरवल्यासारखा केला. स्क्रू फिरला नाही, कारण मी तो फिरवला नाही. चावी काढली आणि धनुष्य तिच्या हातात दिलं.

तिने घेतलं आणि जाऊन उभी राहिली.

पहिला बाण खाली गेला, तीनच्या कडेला. ती जरा थांबली. खांदा सैल केला, श्वास घेतला. दुसरा पाच. तिसरा लक्ष्याच्या खालून मागच्या मातीत गेला. ज्योत्स्नाचा बाण लक्ष्य चुकला असं मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ती प्रत्येक बाणानंतर आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती. बोटं उघडून मिटत होती. सहा बाणांत अठ्ठावीस.

ती वळून आली. तिचा चेहरा लाल झाला होता. पट्टी कुठे आहे ते न पाहताच तिने चावीने स्क्रू सैल केला. खुंटी एक फेरा आत घेतली. मग माझा बाण काढला, तारेवर ठेवला, वाकली, तार माझ्या रेघेच्या केसाएवढी वर घेतली, स्क्रू घट्ट केला आणि धनुष्य मला दिलं.

शिट्टी वाजली. पट्टी पुन्हा रेघेच्या वर होती. मी खिशात हात घातला. चावी काढली.

का ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण मी आधी बाण चढवला आणि वाकून पाहिलं. मग चावी परत खिशात ठेवली.

अठ्ठेचाळीस आले. तोपर्यंतची माझी सगळ्यात चांगली फेरी.

बाराव्या फेरीसाठी मी तिच्यासाठी तार लावली. बाण ठेवून लावली. तिला सत्तेचाळीस मिळाले, मला चव्वेचाळीस. पंचांनी बेरजा केल्या. मी सात गुणांनी पुढे. चौथी कुंदा टाले. राखीव ज्योत्स्ना ढोरे. दुर्बीणवाल्या काकांनी येऊन माझं अभिनंदन केलं.

चार वाजताची एसटी मिळाली. आम्ही दोघींच्या सीटवर बसलो, मध्ये पिशवी उभी धरून. अकोला सुटलं. मग ज्योत्स्नाच म्हणाली, "तुझं झालं ते बरं झालं. दोघींपैकी एक तरी लागली."

मी खिडकीबाहेर पाहत होते.

"तार वाकली होती न," ती म्हणाली. "दहाव्या फेरीनंतर. त्या तिकाटणीत अडकली. म्हणून मी रेघेच्या वर लावून देत होती तुले. तेच सांगत होती, तर तो ओरडला."

"मले माहीत हाय," मी म्हटलं. "अकराव्या फेरीत बाण ठेवून पाह्यला. मध्य बरोबर होता."

"मग दहावीत कायले बदलवलं?"

"मले वाटलं तू मुद्दाम केलं."

ती हसली. तिला खरंच गंमत वाटली. "मी? अन् मुद्दाम?"

आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही हे मला कळत होतं. म्हणून मी एका दमात सांगितलं. अकराव्या फेरीत तुझ्यासाठी तार वर केलीच नाही. चावी नुसती घातली. तुझा हात चुकला नव्हता.

एक गाव आलं, गेलं.

"पहिल्या बाणाले नाही कळलं तुले?" मीच विचारलं. "दुसऱ्याले? बाण खाली टेकलेला दिसत होता. वाकून पाह्यलं असतं तं दिसलं असतं."

"तू लावून दिलेलं मी कधी वाकून पाह्यलं?" ती म्हणाली.

मग ती उठली आणि कंडक्टरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. पिशवी माझ्याकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये गेले. काळमेघ सर शिकंज्यात लोखंडाचा तुकडा धरून कानस चालवत होते. मी सगळं सांगितलं. ते कानस चालवत राहिले.

"किती फिरवला?"

"फिरवलाच नाही."

"हं."

त्यांनी तुकडा काढला, काटकोन लावून उजेडात पाहिला, परत शिकंज्यात धरला.

"मी पंचांना खरं लिहून पाठवते," मी म्हटलं.

"पाठवलं तं काय होईन? तुले बाद करतीन. मग म्हणतीन एकाच धनुष्याचा घोळ हाय, दोघींचे गुण धरू नका. मग तिचंही जाईन. तुले बरं वाटाले पाह्यजे, का तिले जागा पाह्यजे?"

"तिले जागा."

सरांनी हजेरीच्या वहीतला एक कोरा कागद फाडून दिला. मी लिहिलं, की वैयक्तिक कारणामुळे राज्य स्पर्धेला जाऊ शकत नाही, तरी राखीव खेळाडूस संधी द्यावी. खाली सही केली. सरांनी वाचलं.

"कारण वैयक्तिकच हाय म्हणा," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "स्पर्धेले तीन आठवडे हायेत. रोज पाचले याचं. धनुष्य तू लावून द्याचं तिले."

"ती माझ्याकडून घेणार नाही, सर."

"ते तिचं ती पाहीन. तू याचं."

मी तीन आठवडे रोज पाचला गेले. सरांनी नवी तार आणली होती. ती मी बसवली. जास्तीचं टोक कापलं, कारण बारीक बाणाच्या बाहेर ते डोकावत होतं आणि पिसाला लागलं असतं. आता बाण एकाच जाडीचे होते, त्यामुळे दोन रेघांची गरज उरली नव्हती. मी एकच जागा शोधत बसले. ज्योत्स्ना मारायची, पिसांचे बाण आणि पारखायला एक बिनपिसाचा. बिनपिसाचा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे गेला, की मी खुंटीची स्प्रिंग पाव फेरा फिरवायचे. ती पुन्हा मारायची. बिनपिसाचा बाण बाकीच्यांत जाऊन बसेपर्यंत आठ दिवस लागले. आमच्यात एवढंच बोलणं होतं. "वर." "खाली." "अजून." "बस." एरवी ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी तिला बोलायला लावलं नाही. सर खिडकीत उभे असायचे. मुठीवरची ट्यूबची पट्टी काढून मी नवी कापडी पट्टी गुंडाळली. त्यावर कोणी काही म्हटलं नाही.

त्या तीन आठवड्यांत मला एक गोष्ट कळली. नेम धरण्यापेक्षा हे काम मला जास्त जमतं. पुढे मी आयटीआयमध्येच फिटर ट्रेडला प्रवेश घेतला. त्या तुकडीत मी एकटीच मुलगी होते. गेली वीस-बावीस वर्षं मी मुलामुलींची धनुष्यं लावून देते. रायझर निवडताना त्यांना सगळ्यांना रंग आधी दिसतो. मी रेस्ट लावून अंगठ्याने दाबायला सांगते.

ज्योत्स्ना नाशिकच्या राज्य स्पर्धेत नववी आली. त्या प्रमाणपत्रावर पुढच्या वर्षी पोलिसात लागली. आता ती वर्ध्याकडे सहायक फौजदार आहे असं ऐकते. दिवाळीत एखादा मेसेज येतो, मीही एखादा पाठवते.

ती नाशिकला निघाली त्या सकाळी मी एसटी स्टँडवर गेले होते. तिची आई होती, सर होते. पिशवी माझ्याकडे होती, कारण आदल्या संध्याकाळी शेवटचं लावणं माझ्याकडे राहिलं होतं. गाडी लागली. मी पिशवी तिच्या हातात दिली.

तिने ती घेतली, पण गाडीत चढली नाही. स्टँडच्या बाकावर पिशवी ठेवली. चेन उघडली, रायझर बाहेर काढला. भात्यातून एक बाण काढून तारेवर ठेवला आणि वाकून, एक डोळा मिटून पाहिलं. मग पर्समधून एक चावी काढली. नवी होती, तिने स्वतः घेतलेली. एकेका स्क्रूत घालून तो घट्ट आहे का ते तपासलं. कंडक्टरने घंटा दिली. तिची आई म्हणाली, "अवो जोत्स्ना, गाडी सुटते न." तिने घाई केली नाही. मी तिच्या बाजूला उभी होते. सर दुसरीकडे पाहत होते.

तिने बाण भात्यात ठेवला, रायझर पिशवीत घातला, चेन लावली.

"बरोबर आहे," ती मला म्हणाली आणि गाडीत चढली.

दोन वर्षांत तिने मला हे शब्द कधी म्हटले नव्हते. म्हणायची वेळच आली नव्हती.